वॉर्म ओपन-बॅक हेडफोन घ्यायचाय? मग बेस नंतर, आधी ट्रेबल ऐका

हेडफोन निवडायचा विषय निघाला की एक सल्ला हमखास मिळतो, डिटेल्स हवे असतील तर ब्राइट, म्हणजे ट्रेबल (उंच, बारीक आवाज) चढा असलेला घे आणि आरामात गाणी ऐकायची असतील तर वॉर्म घे, जणू या दोन गोष्टी एका हेडफोनमध्ये मावतच नाहीत. मला हे अजिबात पटत नाही. मी बरीच वर्षं ओपन-बॅक, म्हणजे कपाची मागची बाजू मोकळी असलेल्या हेडफोनवरच ऐकतोय आणि जितकं ऐकतोय तितकं माझं मत पक्कं होत चाललंय, की गाण्यातला बारकावा ट्रेबल वाढवून येत नाही, मिड्स, म्हणजे मधल्या पट्टीतले आवाज, नीट असले की तो आपसूक ऐकू येतो, आणि हे काम चांगला वॉर्म ओपन-बॅक फार छान करतो.

आता वॉर्म म्हणजे काय, तर साधारण १०० ते ३०० हर्ट्झ (सेकंदाला इतकी कंपनं, आकडा जितका मोठा तितका आवाज उंच) या पट्ट्यात गळ्याचा भरदारपणा असतो, चेलोचं लाकूड असतं, पियानोवरच्या डाव्या हाताचा बराचसा भाग असतो, हा पट्टा थोडासा भरलेला आणि ५ ते १० किलोहर्ट्झमधला ट्रेबल थोडा मागे, असा एक हलका उतार आवाजाला असला की आपल्याला तो वॉर्म वाटतो. सगळा खेळ दोन-तीन डेसिबलचा (आवाज किती मोठा त्याचं माप) आहे. त्याच्या पलीकडे गेलं की तोच भरदारपणा गढूळ होतो, कारण खालचे मोठे आवाज वरच्या बारीक आवाजांना झाकून टाकतात, आपल्या कानाची रचनाच तशी आहे. त्यामुळे ५०-६० हर्ट्झला दणका देणारा हेडफोन आणि वॉर्म हेडफोन यात गल्लत करू नका, बेस भरपूर आणि वर ट्रेबलही चढा असे कितीतरी हेडफोन मिळतात आणि त्यात गायकाचा आवाज मात्र बिचारा मधल्या मधे पातळ होऊन जातो.

ब्राइट हेडफोन पहिल्या दहा मिनिटांत जिंकतो हे मात्र खरंय. ५ ते ८ किलोहर्ट्झचा भाग वर आला की स, श, च धारदार होतात, गायकाचा श्वास, तारेवर बोट घासल्याचा आवाज, रेकॉर्डिंगमधली हिस हे सगळं पुढे येतं आणि आपल्याला वाटतं अरे वा, हे तर कधी ऐकलंच नव्हतं! पण ते आधीच्या हेडफोनवरही होतंच, फक्त इथे मोठं केलेलं आहे. तास-दीड तासाने कान शिणतात, आपण नकळत आवाज कमी करतो किंवा हेडफोन काढूनच ठेवतो. माझ्या लेखी डिटेल म्हणजे दोन आवाज एकत्र गात असताना दोन्ही वेगवेगळे धरता येणं, सूर संपताना तो कसा विरतो ते शेवटपर्यंत कळणं, हॉलमध्ये रेकॉर्ड केलं असेल तर त्या हॉलचा घुमारा जाणवणं, आणि यातलं बहुतेक सगळं मिड्समध्ये घडतं.

यासाठी माझी आवडती परीक्षा म्हणजे तंबोरा. काळी एक पट्टीच्या तंबोऱ्यात जोडीच्या तारांचा षड्ज (सा) साधारण १३८ हर्ट्झला आणि खर्ज, म्हणजे खालचा सा, त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ हर्ट्झला असतो, आणि जवारी (घोडीवर तार घासून निघणारी झणझण) नीट लागलेली असेल तर या तारांवर कितीतरी उपस्वर (मूळ सुरासोबत उमटणारे वरचे सूर) अगदी वरपर्यंत उभे राहतात. म्हणजे एकाच वाद्यात जवळजवळ सगळी पट्टी तपासून होते. ब्राइट हेडफोनवर जवारीची झणझण सुटी होऊन डोक्यात टोचत राहते आणि तार कुठेतरी मागे राहते, फुगलेल्या बेसच्या हेडफोनवर खर्ज नुसता घोंघावतो आणि उपस्वर दिसेनासे होतात, आणि बरोबर जमलेल्या हेडफोनवर खर्जातून उपस्वर उगवताना ऐकू येतात, एकच वाद्य वाजतंय असं वाटतं. मग तबला लावा. डग्ग्यावर मनगट सरकवून घेतलेली मींड (सुरावरून सुरावर घसरत जाणं) पूर्ण ऐकू येते की नुसता धुप्प होतो, आणि चाटेवरचा (तबल्याच्या कडेवरचा) ना खणखणीत आहे की काचेसारखा कडक, एवढं ऐकलं तरी खूप कळतं. पाश्चात्त्य संगीत ऐकणाऱ्यांनी एकट्या चेलोचं आणि पियानोचं रेकॉर्डिंग घ्यावं, तेही तितकंच बोलकं आहे.

ओपन-बॅकच का, असं विचाराल तर क्लोज्ड कपात ड्रायव्हरच्या (हेडफोनमधल्या छोट्या स्पीकरच्या) मागच्या बाजूचा आवाज आत कोंडला जातो, भिंतींवर आपटून परत कानाकडे येतो, आणि तो आवरणं हे अवघड काम आहे. मागची बाजू मोकळी ठेवली की हा त्रास बराच कमी होतो आणि आवाज डोक्यात दाटल्यासारखा न वाटता आजूबाजूला पसरतो. सेनहायझरने १९६८ साली एचडी ४१४ काढला, पिवळ्या फोमच्या पॅडचा, तिथून ही ओपन हेडफोनची गोष्ट सुरू झाली. याची किंमतही मोजावी लागते, बाहेरचा सगळा गोंगाट आत येतो, आतलं सगळं बाहेर जातं, त्यामुळे प्रवासात किंवा शेजारी कोणी झोपलं असताना याचा उपयोग नाही, आणि नेहमीच्या डायनॅमिक ड्रायव्हरचे ओपन हेडफोन ५०-६० हर्ट्झच्या खाली हळूहळू उतरत जातात. पोटात जाणवणारा खोल बेस हवा असेल तर प्लॅनर (चुंबकांच्या जोरावर पातळ सपाट पडदा हलवणारे हेडफोन) बघा, त्यांचा बेस बऱ्यापैकी सपाट खालपर्यंत जातो.

मॉडेलांची नावं घ्यायची तर सेनहायझर एचडी ६५० पासूनच सुरुवात करावी लागते. २००३ साली आला, ३०० ओहमचा (हा त्याचा विद्युत रोध, म्हणजे इम्पीडन्स) आहे, वजन २६० ग्रॅमच्या आसपास, आणि अजूनही वॉर्म आवाज म्हटलं की तुलना त्याच्याशीच होते. गायकाचा आवाज त्याच्यावर ज्या सहजतेने येतो तसा त्याच्यापेक्षा कितीतरी महागड्या हेडफोनवरही येत नाही, असं मी मनापासून म्हणतो. त्याचाच आधीचा भाऊ एचडी ६००, १९९७ चा, तो थोडा जास्त सरळ आणि किंचित उजळ, व्हायोलिन किंवा बासरी जास्त ऐकणाऱ्यांना कदाचित तोच आवडेल. दोघांचीही एक मर्यादा आहे, साउंडस्टेज लहान आहे, वाद्यं डोक्याच्या जवळच बसतात, मोठा ऑर्केस्ट्रा ऐकताना हे जाणवतं. ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-आर७०एक्स माझ्या मते फार दुर्लक्षित राहिला, फक्त २१० ग्रॅमचा, डोक्यावर आहे हे विसरायला होतं, आवाज वॉर्म आणि मोकळा, पण तो ४७० ओहमचा असल्याने त्याला ताकदीचा अँप (अँप्लिफायर) द्यावा लागतो. प्लॅनरमध्ये ऑडीझीचा एलसीडी-२ हा दाट, गडद आवाजाचा म्हणून ओळखला जातो, बेस तर अप्रतिम, पण वजन अर्ध्या किलोच्या वर, मान दुखणाऱ्यांनी आधी घालून बघितल्याशिवाय घेऊच नये. आणि बायरडायनॅमिकचा डीटी ९९० किंवा ग्रॅडोचे बहुतेक हेडफोन चांगले असले तरी वॉर्मच्या शोधात असाल तर तिकडे जाऊ नका, त्यांचा स्वभावच चढ्या ट्रेबलचा आहे.

ग्राफ, म्हणजे कोणत्या हर्ट्झला आवाज किती ते दाखवणारी रेघ, बघून घेणारे बरेच आहेत आणि बघावाच, फक्त वाचता आला पाहिजे. आपल्या कानाची पाळी आणि नळी मिळून ३ किलोहर्ट्झच्या आसपासचा आवाज मुळातच बराच वाढवतात, त्यामुळे कच्च्या ग्राफमध्ये तिथे जो उंचवटा दिसतो तो दोष नसतो, उलट तो नसेल तर गायक दाराआडून गातोय असं वाटतं. वॉर्मच्या नावाखाली काही हेडफोन हाच भाग दाबतात, आणि खरी झाकलेपणाची तक्रार तिथून येते. म्हणून मी ग्राफवर आधी १ ते ४ किलोहर्ट्झ व्यवस्थित आहे का ते बघतो, मग ५ ते १० मध्ये टोकदार सुळके आहेत का ते, आणि बेस सगळ्यात शेवटी. हारमन या ऑडिओ कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी २०१३ च्या सुमारास श्रोत्यांच्या पसंतीवरून जी टार्गेट कर्व्ह (आवाज कसा असावा याची आदर्श रेघ) मांडायला सुरुवात केली ती तुलनेला चांगली आहे, वॉर्म हेडफोन साधारण तिच्यापेक्षा ट्रेबलमध्ये थोडा खाली दिसतो. ८-१० किलोहर्ट्झच्या वरच्या वेड्यावाकड्या रेषेवरून मात्र भांडू नये, हेडफोन कानावर थोडा सरकला तरी ती बदलते आणि प्रत्येकाचा कान वेगळा.

अँपबद्दल लोक ओहमचा आकडा बघून घाबरतात, पण नुसत्या ओहमवर काही ठरत नाही, सेन्सिटिव्हिटीही (ठराविक ताकदीला हेडफोन किती मोठा वाजतो ते) बघायची. हायफायमॅन सुंदारा ३७ ओहमचा आहे म्हणून फोनवर मस्त चालेल असं वाटतं पण त्याची सेन्सिटिव्हिटी ९४ डेसिबल, त्याला करंट लागतो. उलट एचडी ६५० ला व्होल्टेज लागतं, आणि आजकालच्या साध्या छोट्या यूएसबी डॅक-अँपवरही (डिजिटल सिग्नलचं ध्वनीच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारा छोटा अँप) तो पुष्कळ जोरात वाजतो. या ३०० ओहमवाल्यांची अजून एक गंमत आहे, त्यांचा इम्पीडन्स सगळीकडे सारखा नसतो, १०० हर्ट्झच्या आसपास तो ५०० ओहमच्या घरात चढतो, त्यामुळे आउटपुट इम्पीडन्स (अँपचा स्वतःचा रोध) जास्त असलेल्या ट्यूब (व्हॅक्यूम ट्यूबच्या) अँपवर लावला की नेमका तिथला बेस थोडा वर येतो, १०० ओहमचा आउटपुट धरला तर साधारण एक डेसिबल. ट्यूबवर तो अजून वॉर्म लागतो असं लोक म्हणतात त्यातला बराचसा भाग हाच आहे. प्लॅनरचा इम्पीडन्स सपाट असतो, त्याला असा फरक पडत नाही, तिथे वॉर्मपणासाठी ट्यूबवर पैसे घालायची माझ्या मते गरज नाही.

दोन हेडफोन शेजारी ठेवून ऐकणार असाल तर आवाजाची पातळी आधी सारखी करा, हे मी कितीही वेळा सांगेन. एक-दोन डेसिबल मोठा असलेला हेडफोन आपल्याला मोठा वाटतच नाही, तो जास्त चांगला वाटतो, आणि मग निकाल आधीच लागलेला असतो. शिवाय आवाज बारीक असताना कानाला बेस आणि ट्रेबल दोन्ही कमी ऐकू येतात, त्यामुळे हळू ऐकणाऱ्या माणसाला वॉर्म हेडफोन थोडा सुस्त वाटू शकतो आणि जोरात ऐकणाऱ्याला तोच बरोबर लागतो. आपण रोज ज्या पातळीवर ऐकतो तिथेच निवड करायची. आणि एक काळजीची गोष्ट, वॉर्म हेडफोन टोचत नाही म्हणून आवाज कधी वाढवला ते कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ठीक आहेत, पण ९० डेसिबलला फक्त ४ तास. ओपन-बॅक शांत खोलीत ऐका असं मी म्हणतो ते यासाठीही, बाहेरचा पंखा झाकायला म्हणून आवाज वाढवणं फार सहज होतं.

चष्मा असेल तर चष्मा घालूनच ऐकून बघा. काडीमुळे पॅडखाली फट राहते आणि काही हेडफोनवर, खास करून प्लॅनरवर, बेस चटकन गळतो, मग ज्याला सगळे वॉर्म म्हणतात तो तुम्हाला पातळ लागेल आणि दोष ना तुमच्या कानाचा ना हेडफोनचा. एचडी ६०० आणि ६५० नवे असताना डोकं चांगलंच आवळतात, वापरून ते सैल होतात. पॅड दबून पातळ झाले की ड्रायव्हर कानाच्या जवळ येतो आणि आवाज बदलतो, ते बदलावेतच, आणि बदलताना मूळ कंपनीचेच घ्यावेत, कारण वेलोरच्या जागी लेदरचे टाकले की सगळा तोलच वेगळा होतो.

हातात आधीच एखादा ब्राइट ओपन-बॅक असेल तर नवीन घ्यायच्या आधी इक्वलायझर करून बघा असं मी आग्रहाने सांगेन. विंडोज कॉम्प्युटरवर इक्वलायझर एपीओ फुकट आहे, ८ किलोहर्ट्झच्या आसपासचा सुळका तीन-चार डेसिबल खाली घ्या, १०० ते ३०० हर्ट्झचा पट्टा दोन-तीन डेसिबल वर घ्या, आणि प्रीअँप (त्यातलीच एकूण पातळी) तेवढाच खाली करा म्हणजे आवाज फाटणार नाही. दोन-तीन संध्याकाळी तसंच ऐका. त्यात तुम्हाला तो उतार आवडला आणि हेडफोन डोक्यावर आरामात बसत असेल तर तोच ठेवा, आणि आवाज आवडला पण पॅड कानाला लागतात किंवा वजन सोसत नाही असं झालं, तर मग एचडी ६५० नाहीतर आर७०एक्स, हलका हवा असेल तर दुसरा, गाणं जास्त ऐकत असाल तर पहिला.