बाबांची भजनं आणि मधेच अडकणारा लॅपटॉप

जुलैचा दुसरा आठवडा. फोंड्यात चार दिवस ऊन पडलं नव्हतं, भिंतींना ओल आली होती आणि माझा 2013 सालचा लॅपटॉप दर दहा-पंधरा मिनिटांनी हँग होत होता. माऊसचा बाण जागच्या जागी थिजायचा, डिस्कचा दिवा एकसारखा जळत राहायचा. बटण दाबून बंद केला की पुढच्या खेपेला कधी विंडोज चालू व्हायचं, कधी नुसता काळा स्क्रीन आणि बीप-बीप.

लॅपटॉप गेला असता तर चाललं असतं. पण त्यात बाबांची भजनं होती. गावच्या देवळातली, वास्कोच्या दामोदर सप्ताहातली, घरी चतुर्थीला म्हटलेली, मिळून 214 रेकॉर्डिंग. बाबा आता नाहीत आणि दुसरीकडे कुठेच कॉपी ठेवलेली नव्हती.

दुकानात नेला. मुलगा समजूतदार होता. म्हणाला, "बाब, फॉरमॅट मारूया, नवा होईल." फॉरमॅट म्हणजे भजनंही पुसली जाणार. मी लॅपटॉप उचलला आणि घरी आलो.

सुरुवातीला माझीही गल्लत झाली. सगळा त्रास एकाच बिघाडाचा असं मी धरून चाललो होतो. खालचं झाकण उघडून रॅमची पट्टी काढली, तर तिचे सोनेरी दात काळवंडलेले. आपल्याकडच्या दमट हवेत हे होतं. पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने घासले, भुगा ब्रशने झाडला, पट्टी खट्‌कन आवाज येईपर्यंत दाबून बसवली. काळा स्क्रीन आणि बीप तिथेच थांबले. मला वाटलं, संपलं. संध्याकाळी लॅपटॉप पुन्हा हँग.

म्हणजे बिघाड दोन होते. दुसरा शोधायला भावाच्या कॉम्प्युटरवर लिनक्स मिंटचा (विंडोजच्या जागी चालणारी मोफत सिस्टिम) पेन ड्राइव्ह तयार केला, लॅपटॉपमधली हार्ड डिस्क काढून बाजूला ठेवली आणि नुसत्या पेन ड्राइव्हवर तो चालू केला. तीन तास चालला, एकदाही अडला नाही. तेव्हा मदरबोर्ड, रॅम, पंखा यांच्यावरचा संशय बराच कमी झाला. डिस्क परत बसवून मिंटमधल्या डिस्क्स या प्रोग्रॅममध्ये स्मार्ट अहवाल, म्हणजे डिस्कच्या तब्येतीची नोंद, पाहिली. वर लिहिलेलं, डिस्क ठीक आहे. खाली मात्र 'करंट पेंडिंग सेक्टर' समोर 136. म्हणजे डिस्कला जे वाचताच येत नाहीत असे 136 तुकडे. विंडोज त्यातल्या एखाद्यावर पोचलं की डिस्क तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाचू पाहते आणि तोवर सगळं खोळंबतं.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. आकडा असा दिसला की चेकडिस्क, म्हणजे विंडोजमधला डिस्क तपासून दुरुस्त करणारा प्रोग्रॅम, चालवू नका, पुन्हा पुन्हा रिस्टार्ट करू नका. मी आदल्या रात्रीच चेकडिस्क लावला होता आणि पहाटेपर्यंत तो 11 टक्क्यांवर अडून होता. अशी दुरुस्ती मरणाऱ्या डिस्कला आणखी राबवते, वर फाइलींच्या नोंदीही बदलते. दुरुस्तीआधी कॉपी.

कॉपीसाठी डीडीरेस्क्यू हा प्रोग्रॅम वापरला. तो आधी सहज वाचता येणारा भाग उचलतो, अडेल ते सोडून पुढे जातो आणि शेवटी सोडलेल्या जागांकडे परत वळतो. 500 जीबीच्या डिस्कसाठी 1 टीबीची बाहेरची डिस्क आणली. कुठवर काम झालं याची नोंद एका मॅप फाइलमध्ये राहते. ती फाइलही बाहेरच्या डिस्कवरच ठेवली, कारण पेन ड्राइव्हवरून चालवलेल्या मिंटमधलं बाकी सगळं वीज गेली की पुसलं जातं.

वीज गेलीच. रात्री पावणेदोनला, 71 टक्के झालं असताना. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलेली. अंधारात पावसाचा आवाज ऐकत बसलो. साडेतीनला दिवे आले, तीच कमांड जशीच्या तशी पुन्हा दिली, आणि मोजणी 71 पासूनच पुढे सरकली. तेव्हा कुठे छातीवरचं ओझं उतरलं. पुढचे 29 टक्के उरकायला दुसऱ्या दिवशीची रात्र झाली.

पुढचं सोपं होतं. जुन्या डिस्कच्या जागी नवी एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) चार स्क्रूंमध्ये बसली. तिसऱ्या पिढीच्या प्रोसेसरवर विंडोज 11 अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज 10 चा मोफत सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, म्हणून मिंटच कायमचं घातलं. भजनांच्या आता दोन कॉपी आहेत, एक माझ्याकडे, एक भावाकडे म्हापशाला.

मग एकेक रेकॉर्डिंग लावून ऐकलं. 211 पूर्ण आहेत. दोन खरखरतात. सप्ताहातलं एक मात्र चौथ्या मिनिटाला, बाबा वरचा षड्ज लावतात तिथेच तुटतं. त्या रात्री पखवाजावर साथ करणाऱ्या काकांच्या मुलानेही मोबाइलवर घेतलं होतं असं आई म्हणते. रविवारी त्यांच्याकडे जाणार आहे.