घाटातली ओढ मेन जेटमध्ये नसते

जुन्या बुलेटवर पुण्यात दोन हौशी ठरलेल्या. हवेच्या फिल्टरचा डबा काढून मोकळा कोन फिल्टर, आणि चोवीस मिलिमीटर भोकाच्या जागी तीसचा कार्ब, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारा कार्ब्युरेटर. मग लक्ष्मी रोडवर हाफ क्लचवर गाडी हाकत ‘पिकअप मेलाय’ म्हणून रडायचं.

भाच्याची १९९४ ची कास्ट आयर्न इंजिनाची साडेतीनशे सीसी बुलेट अशीच आली. चौथ्या गिअरला चाळीसवर मूठ पिळली की आधी घुटमळायची, मग ओढायची.

“मामा, मेन जेट वाढवूया का?”

जेट म्हणजे कार्बमधलं पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक. गॅरेजात निम्म्या लोकांचं हेच निदान असतं. मी चिकटपट्टीचे तुकडे घेतले, एक मुठीवर, बाकीचे स्विचच्या डब्यावर: बंद, पाव, अर्धी, पाऊण. म्हटलं, सिंहगडावर जाऊन ये आणि कुठल्या खुणेवर अडखळते ते सांग. आला तो जरा वरमूनच. वळणावर पाव, फार तर अर्धी. मेन जेटचा खरा अंमल पाऊण मुठीच्या पुढे. त्याखाली मूठ जवळपास बंद असतानाचा पायलट जेट, मुठीबरोबर वर सरकणाऱ्या स्लाईडचा कट आणि तिला लटकलेली निमुळती नीडल.

७० मिमी बोअर म्हणजे सिलिंडरची रुंदी, ९० स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव. हे इंजिन मुळातच खालच्या आरपीएमचं. त्याला हवा थोडी लागते, पण वेगात लागते. २४ वरून ३० म्हणजे भोकाचं क्षेत्रफळ दीडपटीच्या वर. कमी आरपीएमला मूठ एकदम उघडली की तेवढीच हवा रुंद नळीतून संथ जाते, जेटमधून पेट्रोल नीट उचललं जात नाही, उचललेलं बारीक फुटत नाही. फिल्टरच्या डब्याचंही तेच. तो आणि त्याचा होज हिशेबात धरूनच जेट ठरवलेले असतात. काढला की मिश्चर लीन, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी, आणि आवाजामुळे गाडी जोरात पळतेय असा भास. भास फुकट मिळतो, एवढं खरं.

जुना २४चा मिककार्ब पोत्यात पडला होता, तो काढला. काचेवर पॉलिश पेपर ठेवून त्याची इंजिनाकडे आवळली जाणारी सपाट फ्लँज आठच्या आकड्यात घासली. नटांचे दोन्ही कान चकाकले, मधला भाग काळाच. म्हणजे कोणीतरी नट आवळून आवळून फ्लँज वाकवलेली, आणि फटीतून हवा ओढली जात होती. अशा गाडीला कुठलाही जेट टाका, आयडल स्थिर राहत नाही. मधला भाग चकाकेपर्यंत घासली, पॅकिंग नवीन.

मग पायलट जेट एक नंबर वाढवला. कारण पंपावरचं ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल: इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या जेटवर मिश्चर लीन पडतं. आयडलची हवा कमीजास्त करणारा एअर स्क्रू इंजिन गरम असताना लावला, आयडल सगळ्यात वर जाईल तिथे. दीड फेऱ्यांच्या आसपास बसला. नीडलची उंची ठरवणारा लॉक मधल्याच खाचेत. घरी मिश्चर आणखी रिच, म्हणजे पेट्रोल जास्त, करायचा मोह आवरला, कारण पुणे साधारण ५६० मीटरवर, सिंहगड १३०० च्या पुढे. वर हवा विरळ, मिश्चर आपोआप रिच होतं.

आता गोळेवाडीच्या पुढची वळणं दुसऱ्या गिअरमध्ये क्लच न दाबता निघतात. एक्स्प्रेसवेच्या अलीकडे जुन्या हायवेवर मात्र वरच्या टोकाला दम कमी वाटतो, अशी भाच्याची तक्रार आहे. बरोबर आहे ती. तिथे तीसचा कार्ब बरा होता. तो त्यानं अजून विकलेला नाही.