आमची वाटचाल : सांगलीतला जोडीनृत्याचा क्लास

'सांगलीत साल्सा कोण शिकणार?' क्लास काढायचं ठरवलं तेव्हा हा प्रश्न आधी घरच्यांनी विचारला, मग हॉलवाल्यांनी आणि शेवटी कर्जाचा अर्ज बघणाऱ्या बँकेतल्या साहेबांनी. त्याचं उत्तर आज आमच्या हजेरीच्या वहीत आहे. कुपवाड एमआयडीसीतले सुपरवायझर, मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर हिशेब बघणाऱ्या ताई, मिरजेच्या हॉस्पिटलांतल्या सिस्टर, विलिंग्डन कॉलेजची पोरं-पोरी आणि शाळेतून निवृत्त झालेली दोन-तीन जोडपी, अशी ही मंडळी आहेत.

मी मिरजेची, नवरा सांगलीच्या गावभागातला. पुण्यात नोकरीला असताना आम्ही दोघं साल्सा आणि बचाता हे लॅटिन अमेरिकी जोडीनाच शिकलो, पुढे तिथेच शिकवायलाही लागलो. सासऱ्यांच्या आजारपणात सांगलीला परत आलो, ते इथलेच झालो.

पहिली अडचण जागेची. डान्स क्लास म्हटलं की हॉल मिळायचा, पण जोडीनं नाचायचं आहे म्हटलं की 'बघून सांगतो' यायचं. एका कार्यालयानं तर घेतलेला ॲडव्हान्सही परत केला. शेवटी विश्रामबागेत एका बालवाडीच्या बाईंनी संध्याकाळी रिकामा असणारा हॉल दिला. त्यांची अट एकच होती : दार आणि खिडक्या उघड्या ठेवायच्या. ती अट आम्ही आजही आनंदानं पाळतो. भिंतीलगत बाकं टाकली आहेत. कुणाची आई, कुणाचे सासरे, कुणाचा भाऊ, ज्याला वाटेल त्यानं येऊन बसावं. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्याअधिक मुलींचे पहिले पैसे त्या बाकावर बसून गेलेल्या आईनंच भरले आहेत. जाहिरातीनं जे झालं नसतं ते या उघड्या दारानं केलं.

नवीन माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : 'पार्टनर नाही, चालेल का?' चालतं. क्लासमध्ये दर थोड्या वेळानं जोडी बदलते. सगळ्यांबरोबर नाचल्यावरच आपला हात जड आहे की हलका ते कळतं. ज्या नवरा-बायकोला एकमेकांबरोबरच नाचायचंय, त्यांना आम्ही बदलायला लावत नाही. हात पुढे करून आधी विचारायचं, आणि समोरचा 'नको' म्हणाला तर कारण विचारायचं नाही. हे आम्ही स्टेपच्याही आधी शिकवतो, आणि त्यात कुणालाच सूट नाही. लीड, म्हणजे पुढची हालचाल ठरवून जोडीदाराला नेणं, पुरुषानंच करायचं असंही नाही. आमच्या दोन उत्तम लीडर मुली आहेत.

पहिल्या दिवशी आम्ही साल्सा लावतच नाही. मेरेंगे लावतो, तोही असाच एक जोडीनाच. त्यात प्रत्येक ठोक्याला एक पाऊल, बस. चालता येतं त्याला मेरेंगे येतो. त्यावर आम्ही एकच गोष्ट घोटून घेतो, ती म्हणजे वजन पूर्णपणे एका पायावर टाकणं. बहुतेकांचं वजन दोन्ही पायांवर अर्धं-अर्धं राहतं, मग पुढचं पाऊल उचलतच नाही. 'कंबर कशी हलवायची?' असं विचारणाऱ्यांना मी सांगते, कंबर विसरा, गुडघ्याकडे बघा. पाऊल टाकताना गुडघा किंचित वाकलेला, वजन आलं की सरळ. गुडघे असे आलटून पालटून चालले की कंबर आपोआप हलते. निवृत्त बाई हे ऐकून सैल होतात, कारण मुद्दाम ठुमकायचं नाहीये हे त्यांच्या लक्षात येतं.

मग हात. जोडीनं नाचताना बोलणं हातातून चालतं. आमच्याकडच्या बायकांना हे समजवायला मी फुगडी घालायला लावते. दोघींनी हात धरून मागे रेललं की जी ओढ लागते, ती सगळ्यांच्या अंगात लहानपणापासून आहे. मग म्हणते, आता सरळ उभ्या राहा आणि त्या ओढीचा दहावा हिस्सा तेवढा हातात ठेवा. लोंबकळलेला हात काही सांगत नाही आणि घट्ट आवळलेला हात काही ऐकत नाही. अंगठ्यानं समोरच्याची बोटं दाबून धरायची नाहीत, नाहीतर वळताना मनगट मुरगळतं.

मेरेंगेनंतर बचाता. चार ठोके, तीन पावलं, चौथ्याला टॅप, म्हणजे वजन न टाकता पाय नुसता टेकवायचा. लय संथ, चुकलं तरी सावरायला वेळ मिळतो. हे डोमिनिकन रिपब्लिकचं संगीत १९६०च्या दशकात गरीब वस्त्यांत आणि दारूच्या गुत्त्यांत वाढलं, आणि तिथल्या प्रतिष्ठितांनी बरीच वर्षं त्याला नाकं मुरडली. २०१९ साली युनेस्कोनं त्याला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. हे मी प्रत्येक बॅचला सांगते, कारण 'असला नाच' हे शब्द आमच्याही मुलींना ऐकावे लागतात.

साल्सा सगळ्यात शेवटी. क्यूबातून आणि पोर्तो रिकोतून न्यूयॉर्कला गेलेल्या लोकांनी १९६०-७०च्या काळात या संगीताला आजचं रूप दिलं. त्याच्या मुळाशी सोन आणि मांबो हे क्यूबाचे संगीतप्रकार. गाण्यांची गती बचातापेक्षा बरीच जास्त असते, त्यामुळे नवखा गोंधळतो. इथे मिरजेचा शेजार कामी येतो. तंतुवाद्यांच्या गावच्या माणसाला केरवा ताल शिकवावा लागत नाही. आठ मात्रा आहेतच. एक-दोन-तीनला पाऊल, चार मोकळी, पाच-सहा-सातला पाऊल, आठ मोकळी. लीडरनं समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, डावा पाय पुढे टाकायचा, पाचव्या मात्रेवर, म्हणजे तालातल्या 'खाली'च्या जागी, उजवा मागे. फॉलो करणाऱ्यानं बरोबर उलट. आधी टाळी-खाली देत बसून मोजतो, मग उभं राहतो. मोकळ्या मात्रेवर घाई न करता थांबता आलं की माझ्या लेखी तो माणूस साल्सा शिकला. गिरक्या त्यानंतर.

म्हणूनच 'लग्नाला आठ दिवस आहेत, रीलमधली ही लिफ्ट बसवून द्या' असं काम आम्ही घेत नाही. लग्नातल्या 'संगीत'च्या कार्यक्रमांवर आमचं निम्मं उत्पन्न चालतं, पण दोन महिने आधी या असं स्पष्ट सांगतो. न तयार झालेल्या अंगानं माणूस उचलायला गेलं की पाठ जाते. काही गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली, जाऊ देत.

ऑगस्ट २०१९च्या पुरात गावभागातल्या आमच्या घरात पाणी शिरलं. स्पीकर, वह्या, कपडे, सगळं गेलं. पाणी ओसरल्यावर चिखल काढायला बॅचमधली माणसं खराटे आणि घमेली घेऊन आली, काही जण स्वतःची घरं आवरून. त्यातून सावरतोय तोवर मार्च २०२०ला लॉकडाऊन. हात धरल्याशिवाय होत नाही तो धंदा तेव्हा चालणार कसा? नवऱ्यानं मोबाइल स्टुलावर ठेवून एकट्यानं करायच्या फूटवर्कचे क्लास घेतले. फी ऐच्छिक ठेवली, तरी बहुतेकांनी पूर्ण भरली. पुन्हा हॉल उघडला तेव्हा त्यांचे पाय आधीपेक्षा स्वच्छ पडत होते. तेव्हापासून एकट्याचं फूटवर्क आमच्या अभ्यासक्रमात कायमचं आलं.

आता पन्नाशीपुढच्यांची सकाळची बॅच काढतोय, मागणी त्यांचीच आहे. त्यांच्यासाठी मेरेंगे आणि बचाता एवढंच, आणि मध्ये बसायला वेळ. येताना रबरी तळाचे स्पोर्ट्स शूज नकोत. ते फरशीला धरून बसतात आणि वळताना पीळ गुडघ्यावर येतो. गुळगुळीत तळाचे, टाचेला पट्टा असलेले साधे बूट आणा. नाचाचे खास बूट घ्यायची घाई करू नका, सहा महिने टिकलात तर बघू.