महाडीबीटीचा फॉर्म सगळ्यात शेवटी भरा

कॉलेजला प्रवेश झाला की बहुतेक घरं शिष्यवृत्तीचं काम उलट्या टोकाने सुरू करतात. आधी महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर फॉर्म, मग उत्पन्नाच्या दाखल्यासाठी धावपळ, आणि वर्ष सरत आलं तरी पैसे आले नाहीत म्हणून बँकेत चौकशी. खरं तर बँक पहिली, दाखले दुसरे, नावं जुळवणं तिसरं आणि फॉर्म अगदी शेवटी. सगळी तयारी असेल तर फॉर्म एका बैठकीत होतो. तयारीला मात्र आठवडे लागतात, आणि तीत काही राहून गेलं असेल तर पोर्टल ते फॉर्म भरताना सांगेलच असं नाही. पुष्कळदा ते पैसे सोडायच्या वेळीच कळतं.

तर आधी बँक. शिष्यवृत्तीची रक्कम आधार क्रमांकावरून जमा होते. कुठल्या आधारचे सरकारी पैसे कुठल्या बँकेत पाठवायचे याची नोंद एनपीसीआय या राष्ट्रीय पेमेंट संस्थेच्या यादीत, म्हणजे मॅपरमध्ये, असते, आणि एका आधारपुढे एका वेळी एकच बँक असते. या नोंदीला सीडिंग म्हणतात, आणि जिथे सगळ्यात शेवटी सीडिंग झालं तिथे पैसे जातात. पासबुकाची झेरॉक्स कितीही ठळक काढून जोडली तरी त्यात फरक पडत नाही.

इथला नेहमीचा घोळ असा. शाखेत विचारलं की उत्तर मिळतं, ‘आधार लिंक आहे.’ ते खरंही असतं, पण ते केवायसीपुरतं. डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात यावेत यासाठी, सीडिंग ही वेगळी नोंद आहे आणि तिची संमती वेगळी द्यावी लागते. दुसरा घोळ मुलांच्या मोबाइलमधून होतो. एखाद्या ॲपवर किंवा सिमकार्डाच्या दुकानात पेमेंट्स बँकेचं खातं उघडताना एका चौकटीत टिक केली जाते आणि सीडिंग तिकडे सरकतं. पैसे येतात, पण कुणी बघत नाही अशा खात्यात. घरचे मात्र समाजकल्याणच्या कार्यालयात खेपा घालत असतात.

तपासणं सोपं आहे. मायआधारच्या साइटवर विद्यार्थ्याच्या आधारने लॉगिन करा, ओटीपी टाका आणि बँक सीडिंग स्टेटस उघडा. तिथे बँकेचं नाव आणि नोंद ॲक्टिव्ह आहे की इनॲक्टिव्ह ते दिसतं. बँक भलतीच असेल किंवा नोंद इनॲक्टिव्ह असेल तर हव्या त्या बँकेच्या शाखेत डीबीटी सीडिंगचा संमती अर्ज भरून द्या आणि पोच घ्या. एनपीसीआयच्या साइटवर भारत आधार सीडिंग इनेबलर नावाची सोय आहे, तिच्यातूनही हे करता येतं. चार-आठ दिवसांनी स्टेटस पुन्हा पाहा, कारण अर्ज दिला म्हणजे नोंद झालीच असं नव्हे. आधारला जुना, बंद पडलेला मोबाइल नंबर असेल तर ओटीपीच येणार नाही, म्हणून नंबर बदलण्याचं काम या सगळ्याच्या आधी.

खातं कुठल्या प्रकारचं आहे हेही पाहा. पतसंस्थेतलं खातं इथे चालत नाही, कारण पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. अपुऱ्या कागदपत्रांवर उघडलेलं ‘स्मॉल अकाउंट’ असेल तर त्यातून महिन्याला 10,000 रुपयांपेक्षा जास्त काढता किंवा पाठवता येत नाहीत. फीचे पैसे आले तरी ते कॉलेजला देता येणार नाहीत, म्हणून पूर्ण केवायसी करून ते साधं बचत खातं करून घ्या. अकरावीत पालकांच्या सहीने उघडलेलं अल्पवयीन मुलाचं खातंही 18 वर्षं पूर्ण झाल्यावर नव्या सह्या आणि केवायसीशिवाय अडतं. मुलगा बारावीतून पदवीला जातो नेमका तेव्हाच.

आता दाखले. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो आणि तो आदल्या आर्थिक वर्षाच्या उत्पन्नाचा हवा. म्हणजे 2025-26 च्या प्रवेशासाठी 2024-25 चं उत्पन्न. दाखल्यावर वैधतेची तारीख छापलेली असते, साधारणपणे 31 मार्च. गेल्या वर्षीचा दाखला घरात आहे म्हणून निवांत राहिलेली मंडळी इथे अडकतात. अर्ज सेतू केंद्रातून किंवा आपले सरकार पोर्टलवरून करता येतो. शेतकरी कुटुंबाला तलाठ्याचा अहवाल आणि सातबारा लागतो, नोकरदाराला फॉर्म 16. आई-वडील दोघे कमावते असतील तर दोघांचं उत्पन्न धरायचं.

उत्पन्न जितकं कमी दाखवू तितकं बरं, हा समज काही केल्या जात नाही. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीची, म्हणजे ज्याला सगळे अजून ईबीसी म्हणतात तिची, मर्यादा 8 लाख आहे. अनुसूचित जाती आणि जमातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची अडीच लाख. साडेतीन लाख उत्पन्न असलेल्या ईबीसीवाल्या घराने ते साठ हजार लिहून घेण्यात काहीच फायदा नाही. उलट त्याच वर्षीच्या नॉन-क्रिमिलेअर किंवा ईडब्ल्यूएसच्या (आर्थिक दुर्बल घटकाच्या) कागदावर वेगळा आकडा निघाला की पडताळणीत प्रश्न उभा राहतो. जे आहे तेच लिहून घ्या. दाखल्यावर बारकोड असतो. त्याखालचा क्रमांक पोर्टलवर टाकून पडताळणी झाली की माहिती आपोआप भरली जाते, हाताने आकडा चुकण्याचा प्रश्न राहत नाही.

व्यावसायिक अभ्यासक्रमाला राखीव जागेवर प्रवेश असेल तर जात वैधता प्रमाणपत्र लागतं, आणि ते शिष्यवृत्तीच्या हंगामात मागून मिळणारं नाही. त्याची सुरुवात अकरावीतच करावी. रेशनकार्ड, अधिवास प्रमाणपत्र, कॅपचं (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेचं) अलॉटमेंट लेटर, मधल्या वर्षाचा खंड असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र, हे तुलनेने सोपं. ईबीसीत कुटुंबातल्या दोनच अपत्यांना लाभ मिळतो, त्याचं हमीपत्र पालकांच्या सहीने जोडावं लागतं. तिसऱ्या मुलासाठी अर्ज करून आशेवर राहू नका.

नावांचा प्रश्न खास आपल्याकडचा. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर बहुधा स्वतःचं नाव आधी, कधी वडिलांचं नाव गायबच. नुसत्या क्रमाने सहसा अडत नाही, स्पेलिंगने अडतं. दहावीची गुणपत्रिका पाया धरा आणि आधार व बँक तिच्याप्रमाणे करून घ्या, कारण गुणपत्रिकेत दुरुस्ती करणं सगळ्यात किचकट. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी राजपत्राची किंवा विवाह नोंदणीची प्रत जवळ ठेवावी.

आता फॉर्म. एका आधारला एकच प्रोफाइल. दरवर्षी कॅफेवाल्याकडून नवा युजर आयडी काढून घेण्याची पद्धत घातक आहे, कारण नूतनीकरण जुन्याच प्रोफाइलमधून होतं. लॉगिनला नंबर स्वतःचा किंवा घरच्यांचा द्या. कॅफेवाल्याचा नंबर दिला की अर्ज परत आल्याचा मेसेज त्याला जातो, आणि त्याच्याकडे असे शेकडो मेसेज असतात. प्रत्येक फाइल 15 ते 256 केबीच्या आत हवी, पीडीएफ किंवा जेपीजी. मोबाइलवर काढलेला फोटो काही एमबीचा असतो. तो लहान करताना इतका दाबू नका की शिक्का आणि बारकोड पुसट होईल, कारण त्याच कारणावरून अर्ज परत येतो.

चालू अभ्यासक्रमाच्या पानावर सावकाश भरा. प्रवेश कॅपमधून झाला की संस्थास्तरावर, हे चुकीचं निवडलं तर पात्र असलेली योजना यादीत दिसतच नाही. व्यवस्थापन कोट्यातल्या प्रवेशाला ईबीसी मिळत नाही, तेव्हा तिथे खोटं भरूनही काही साधणार नाही, कॅपच्या यादीशी ताडून बघतात. कॉलेजचं किंवा शाखेचं नाव यादीत सापडत नसेल तर दोष तुमचा नाही. कॉलेजने तो अभ्यासक्रम पोर्टलवर जोडलेला नसतो. जवळचा वाटणारा दुसरा अभ्यासक्रम निवडून वेळ मारून नेऊ नका, कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात जाऊन तो जोडायला सांगा.

अर्ज गेला की तो आधी कॉलेजच्या लिपिकाच्या लॉगिनला असतो, मग प्राचार्यांच्या, मग संबंधित विभागाच्या. स्टेटसमध्ये तो कुठे आहे ते दिसतं, आणि जिथे आहे तिथेच विचारायचं. कॉलेजच्या लिपिकाकडे पडलेल्या अर्जासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन एसटीचं भाडं तेवढं खर्च होतं. पोर्टलवर भरलं तरी कॉलेजला छापील प्रत आणि कागद हवे असतात, ते न दिल्याने अर्ज महिनोन्‌महिने लिपिकाकडेच राहतो. ‘सेंड बॅक’ आणि ‘रिजेक्टेड’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सेंड बॅक म्हणजे दुरुस्त करून पुन्हा पाठवायची संधी. ती मुदतीतच घ्यावी लागते, म्हणून आठवड्यातून एकदा लॉगिन करून पाहाच. मंजुरी झाल्यावरही स्वतःच्या लॉगिनमध्ये व्हाउचर रिडीम करायला आलंय का, ते पाहायचं असतं. मंजूर होऊनही पैसे नाहीत अशी तक्रार असेल तर आधी हे बघा, मग पुन्हा सीडिंग.

फीबद्दल काउंटरवर जी भांडणं होतात त्यांचं मूळ एका शब्दात आहे: शिक्षण शुल्क. ईबीसीतून शिक्षण शुल्काचा आणि परीक्षा शुल्काचा निम्मा भाग मिळतो, एकूण फीचा नव्हे. समजा शिक्षण शुल्क 80,000, विकास शुल्क 10,000 आणि इतर 5,000 आहे. सवलत 40,000 ची, म्हणजे तुम्हाला 55,000 भरायचे. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्ग) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत ही सवलत शंभर टक्के झाली. अटी मात्र दोन: उत्पन्न 8 लाखांच्या आत आणि प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून. वरच्या उदाहरणात अशा मुलीलाही 15,000 लागतील. ‘मुलींना शिक्षण मोफत’ अशा मथळ्यांनी पालकांची दिशाभूलच झाली. वसतिगृह आणि मेसचा खर्च तर यात धरलेलाच नाही, त्यासाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता किंवा अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार, असे अर्ज वेगळे करावे लागतात. फीच्या पावतीवर शिक्षण शुल्क, विकास शुल्क, परीक्षा शुल्क सुटं लिहून घ्या. एकत्र आकड्याची पावती पडताळणीत उपयोगाची नाही.

अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत आणखी एक गोष्ट आहे, आणि ती न कळल्याने कॉलेज आणि घर यांच्यात फार कटुता येते. खर्चाची वाटणी केंद्र 60 टक्के, राज्य 40 टक्के अशी आहे. राज्याचा वाटा सुटल्यावर केंद्राचा येतो, म्हणून रक्कम दोन तुकड्यांत, वेगवेगळ्या वेळी दिसते. केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होतो आणि त्यात निर्वाह भत्त्याबरोबर कॉलेजची फीही असते. फीचा भाग 7 दिवसांत कॉलेजला द्यायचा, असा नियम आहे. खात्यात एकदम मोठी रक्कम दिसली की घरात एखादं देणं फेडलं जातं, आणि वर्षाअखेर कॉलेज निकाल किंवा टीसी अडवून धरतं. किती रक्कम फीची आणि किती भत्त्याची हे पोर्टलवरच्या मंजुरीत पाहा, फी ऑनलाइन भरा आणि पावती जपा.

याच्या उलट, काही घरांनी प्रवेशाच्या वेळी पूर्ण फी भरलेली असते आणि शिष्यवृत्तीचा फीचा भाग नंतर कॉलेजच्या खात्यात जमा होतो. तो परतावा कॉलेज आपणहून देईल याची वाट बघत बसू नका. फीच्या पावत्या, मंजुरीचं पान आणि विद्यार्थ्याच्या पासबुकाची प्रत जोडून प्राचार्यांच्या नावे लेखी अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. मुलगा शेवटच्या वर्षाला असेल तर हा अर्ज टीसी काढण्याआधी द्या.