सात पोती आणि दोन भाव

घानाच्या वेस्टर्न नॉर्थ विभागात, आयव्हरी कोस्टच्या सीमेलगतच्या जुआबोसो परिसरात, कोको पिकवणाऱ्या लहान शेतकरी कुटुंबांच्या उत्पन्नाचे आमचे सर्वेक्षण चालू होते आणि नेमक्या त्याच सुमारास, ५ एप्रिल २०२४ रोजी, सरकारने कोकोचा शेतकऱ्याला मिळणारा भाव हंगामाच्या मध्येच वाढवला. ६४ किलोच्या पोत्याला सप्टेंबरपासून १,३०८ सेडी (सेडी हे घानाचे चलन) मिळत होते, ते एकदम २,०७० झाले. त्याच संध्याकाळी आमच्या कार्यालयातून सूचना आली की प्रश्नावलीतला भाव बदलून घ्यावा. मी पर्यवेक्षक असल्याने सगळ्यांच्या टॅबलेटवर तो आकडा मीच बदलला, आणि तो बदलताना माझ्या मनात काडीमात्र शंका आली नाही.

त्यानंतरच्या मंगळवारी आम्ही ज्या घरी गेलो ते सात माणसांचे कुटुंब होते. घरधनी साठीच्या आसपासचे, त्यांची पत्नी त्यांच्याहून थोडी लहान, दोन मुलगे, एक सून आणि दोन नातवंडे. माझा सहकारी चुई भाषेत बोलत असे आणि मोठ्या माणसांना ‘पापा’ आणि ‘मामे’ म्हणत असे. मीही तेच संबोधन उचलले होते. पापा झाडाखालच्या बाकावर बसून उत्तरे देत होते. मामे अंगणातल्या बांबूच्या उंच मांडवावर वाळत घातलेल्या बिया लाकडी फावडीने वरखाली करत होत्या. चिकटून राहिलेला गर आणि पोकळ, चपट्या बिया त्या न पाहताच बोटांनी वेचून बाजूला टाकत होत्या. मधूनच मूठभर बिया हातात घेऊन दाबत होत्या. नीट वाळलेल्या बियांचा मुठीत कडकड आवाज येतो. त्या दिवशी तो अजून येत नव्हता.

जमीन पाच एकर, या हंगामातले पीक सात पोती. टॅबलेटने गुणाकार केला आणि पडद्यावर १४,४९० सेडी हा आकडा आला. शेवटी सगळी उत्तरे वाचून दाखवून होकार घ्यायचा, असा आमचा नियम आहे. सहकाऱ्याने आकडा वाचला. पापांनी होकारही दिला नाही आणि नकारही दिला नाही. ते उठून आत गेले आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले पासबुक घेऊन आले. खरेदीदार कंपनीचा कारकून माल घेतो तेव्हा त्यात तारीख, वजन आणि रक्कम लिहून देतो. त्यातल्या शेवटच्या नोंदीवर त्यांनी बोट ठेवले. ती डिसेंबरातली होती. सहा पोती ऑक्टोबर ते डिसेंबरच्या दरम्यान, तीन खेपांत, १,३०८ च्या भावाने गेली होती. सातवे पोते म्हणजे आमच्यासमोर मांडवावर वाळणाऱ्या बिया. नवा भाव मिळणार होता तो फक्त त्यांना.

मामेंचे हात थांबले. त्यांनी सहकाऱ्याला विचारले आणि त्याने मला सांगितले: “या बाई कार्यालयातून आल्या आहेत, तर त्यांना विचार, आधीच्या सहा पोत्यांचा वाढीव पैसा कधी मिळणार?”

मिळणार नाही, हे मला सांगावे लागले.

हा प्रश्न भाबडेपणातून आलेला नव्हता. घानात कोकोचा भाव कोकोबॉड ही सरकारी संस्था हंगामाच्या सुरुवातीला जाहीर करते आणि परवानाधारक कंपन्या त्याच भावाने खरेदी करतात. तेव्हा ऑक्टोबरात विका किंवा फेब्रुवारीत, भाव सहसा तोच असे. त्यामुळे माल दाबून ठेवण्याचे कारण शेतकऱ्याला नसे, आणि दमट हवेत बियांना बुरशी धरते म्हणून ठेवणे परवडतही नाही. पापांनी रीतीप्रमाणे वाळलेला माल लगेच विकला आणि शाळेची फी व हातउसने फेडले. पिकाचा मोठा भाग कोकोबॉड आगाऊ करारांनी विकून टाकत असे, म्हणून मार्च २०२४ मध्ये जागतिक बाजारात टनाचा भाव १०,००० डॉलरच्या वर गेला तेव्हाही इथला भाव टनाला सुमारे १,८०० डॉलरच्या जवळपासच ठरलेला होता. आगाऊ विक्रीमुळे भाव कोसळतो तेव्हा शेतकरी तगतो, हे मला मान्य आहे आणि त्या पद्धतीची ही जमेची बाजू मी नेहमी सांगत आले आहे. पण भरभरून माल विकला जातो ते महिने उलटून गेल्यावर, खळी रिकामी झाल्यावर आलेली वाढ कोणाच्या पदरात किती पडली, हे पासबुकातल्या तारखा पाहिल्याशिवाय कळू शकत नाही. आमच्या प्रश्नावलीत तारखेला जागाच नव्हती.

मी टॅबलेट बाजूला ठेवला आणि वहीवर हिशेब मांडला. सहा पोत्यांचे ७,८४८ आणि सातव्याचे २,०७०, मिळून ९,९१८ सेडी. मी हा आकडा सांगितल्यावर पापा म्हणाले की यातले अर्धेच त्यांच्या स्वतःच्या वाट्याचे. जमीन त्यांनी ‘अबुनू’ पद्धतीने, म्हणजे अर्धेलीने घेतलेली होती. मालकाच्या पडीक जमिनीवर कोकोची बाग त्यांनी स्वतः उभी केली होती आणि ती फळाला आल्यापासून उत्पन्नाचा निम्मा वाटा शहरात राहणाऱ्या मालकाकडे जात होता. (तयार बाग सांभाळायला घेणाऱ्याची स्थिती याहून बिकट असते; ‘अबुसा’ पद्धतीत त्याच्या हाती साधारणतः तिसरा हिस्सा येतो.) म्हणजे उरले ४,९५९. त्यातून बुरशीनाशकाची फवारणी, फळे फोडायला लावलेली मजुरी आणि वाहतूक मिळून ११५० सेडी खर्च झाला होता. हाती राहिले ३,८०९. पडद्यावर मात्र अजूनही १४,४९० झळकत होते.

आदल्या वर्षी याच बागेत चौदा पोती निघाली होती आणि भाव ८०० होता. खर्च वजा करण्याआधी त्यांच्या वाट्याला ५,६०० आले होते, यंदा ४,९५९. म्हणजे एका वर्षात भाव दीडपटीहून जास्त झाला, शेवटच्या पोत्याला तर अडीचपटीहून जास्त मिळणार होते, तरी कुटुंबाची कमाई घटली, आणि तीही ज्या देशात डिसेंबर २०२२ मध्ये महागाईचा दर ५४ टक्क्यांच्या वर गेला होता तिथे. कारण बागेत दिसत होते. २०२३ च्या अतिपावसाने फळे काळी पडून झाडावरच कुजली, आणि दीड एकरात फांद्या सुजवणारा विषाणुरोग शिरला होता. त्या रोगावर औषध नाही. झाडे तोडून नवी लावावी लागतात आणि ती फळायला तीन-चार वर्षे जातात. ती वर्षे काय खाऊन काढायची, म्हणून पापांनी रोगट झाडे अजून तोडलेली नव्हती. ती तशीच उभी राहिली तर पिठ्या ढेकणांबरोबर रोग पुढच्या झाडांवर जाईल, हेही त्यांना पक्के ठाऊक होते.

“मग घर चालते कशावर?” मी विचारले. पापांनी मामेंकडे पाहिले.

मामे कसावा (ज्याचा साबुदाणा करतात तो कंद) किसून, पिळून, भाजून त्याची गारी, म्हणजे भरड रवा, करतात आणि आठवडी बाजारात विकतात. लाकूडफाटा आणि गाडीभाडे वजा जाता, वर्षाची सरासरी धरली तर, आठवड्याला साधारण ८० सेडी सुटतात. वर्षाचे ४,१६० होतात, म्हणजे कोकोच्या ३,८०९ हून अधिक. बहुतेक कोको कुटुंबांच्या कमाईत कोकोचा वाटा सर्वांत मोठा असतो, आणि चौदा पोत्यांच्या वर्षी तो याही घरात मोठा होता. पण या वर्षी चूल गारीवर पेटत होती, आणि प्रश्नावलीत त्या कमाईला ‘इतर उत्पन्न’ एवढा एकच रकाना होता, तोही कुटुंबप्रमुखाला विचारायचा. मी तो प्रश्न मामेंना पुन्हा विचारला. त्यांनी महिन्यामहिन्याचे उत्तर दिले, कोणत्या महिन्यांत किती आठवडे बुडतात तेही सांगितले. इतक्या चोख तपशिलाचे उत्तर मला त्या आठवड्यात कोणाकडूनही मिळाले नव्हते.

दुपारी आभाळ भरून आले. मामेंनी हाक मारली आणि आम्ही सगळेच उठलो. मांडवावरच्या बिया मध्ये गोळा केल्या, त्यांवर प्लास्टिकचा कागद ओढला, चारी कोपऱ्यांना दगड ठेवले. भिजलेल्या बियांना बुरशी धरली असती तर २,०७० चा भाव मिळणारे ते एकुलते एक पोतेही कारकुनाने नाकारले असते.

संध्याकाळी मी कार्यालयात फोन केला. भाव बदलल्यापासून आम्ही ३८ घरे केली होती आणि प्रत्येक घराची सगळी पोती नव्या भावाने मोजली होती. वेळापत्रक कोलमडेल, सरासरी काढून दुरुस्ती करता येईल, असे मला सांगण्यात आले. सरासरी काढायला विक्रीच्या तारखा लागतील आणि त्या शेतकऱ्यांच्या पासबुकाखेरीज कुठेही नाहीत, हे मी तीनदा सांगितले. हे आकडे असेच पुढे गेले असते तर जुआबोसोची कुटुंबे त्या वर्षी सुस्थितीत आली असे कागदोपत्री ठरले असते आणि मदतीचा विचार करणाऱ्यांनी तेच वाचले असते. शेवटी तीन दिवसांची परवानगी मिळाली.

बुधवारी सकाळी सहाला आम्ही पहिल्या गावी परतलो. प्रश्नावलीत मी दोन रकाने वाढवले होते: विक्रीची तारीख, आणि त्या पोत्यातला स्वतःचा वाटा. पहिल्याच घरी पासबुक मागितले. त्या घराची नऊच्या नऊ पोती डिसेंबर संपण्यापूर्वीच विकली गेली होती.