ओटी रजिस्टर

मेडिकल कॉलेजच्या रॅगिंगविरोधी समितीवर आम्हा अ‍ॅनाटॉमीवाल्यांना, म्हणजे शरीररचना शिकवणाऱ्यांना, हमखास घेतात. आम्हाला पेशंट नसतात, म्हणजे वेळच वेळ, असा समज. एरवी काम काय, तर विद्यार्थी-पालकांची शपथपत्रं गोळा करून फायलीला लावायची. तक्रार आली की मात्र बाकीच्या सदस्यांना एकदम इमर्जन्सी केसेस निघतात.

तक्रारदार सर्जरीची जेआर-वन, म्हणजे पहिल्या वर्षाची ज्युनियर रेसिडेंट, आदिवासी, राखीव जागेवरून आलेली. सिनियरने आल्या आल्या नीटचा स्कोअर विचारला. त्या प्रश्नाचा अर्थ ‘कॅटेगरी कुठली’, हे रेसिडेंट मंडळींना सांगावं लागत नाही. पुढे शिवी नाही की मारहाण नाही. नुसती कामं: ब्लड बँकेच्या फेऱ्या, डिस्चार्ज कार्डं, रिपोर्टांमागची धावपळ.

सुनावणीत सिनियर म्हणाला, “मॅडम, जेआर-वन असताना आम्हीही हेच केलंय.” झालं, सगळ्यांच्या माना डोलल्या. क्लिनिकलवाले, म्हणजे पेशंट बघणारे, एकदा स्वतःच्या रेसिडेन्सीच्या आठवणींत शिरले की बाहेर येत नाहीत.

मी ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटरचं रजिस्टर मागवलं. त्यात प्रत्येक ऑपरेशनपुढे सर्जन, असिस्टंट, भूलतज्ज्ञ यांची नावं असतात, आणि उद्या कोर्टात जाऊ शकतं म्हणून त्यात सहसा कुणी खाडाखोड करत नाही. त्याच युनिटमधले तिच्या बॅचचे दोघे हर्नियाला, अपेंडिक्सला सेकंड असिस्टंट म्हणून पानोपानी. चार महिन्यांत हिचं नाव एकदाही नाही. हमाली तिघांना, शिकवणी दोघांना.

अध्यक्ष म्हणाले, “ड्युट्या लावणं हा विभागाचा अंतर्गत विषय.” मी यूजीसीच्या रॅगिंगविरोधी नियमांची २०१६ची दुरुस्ती पुढे केली. जातीवरून मानसिक छळ करणं, वगळणं हे रॅगिंगच, असं तीत स्वच्छ लिहिलंय. २०१९मध्ये मुंबईत आदिवासी रेसिडेंट डॉ. पायल तडवींनी आत्महत्या केली, सिनियर्सवर जातीवरून छळाचा आरोप झाला, तेव्हा आमच्याकडे भाषणं झाली होती. दुरुस्ती कुणी वाचली नव्हती.

बाहेर आल्यावर तीच म्हणाली, “मॅडम, अहवालात जातीचं नका लिहू. माझे थिसिसचे गाइड याच विभागातले आहेत.” महाराष्ट्राचा १९९९चा कायदा रॅगिंग करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत तुरुंगात धाडू शकतो. थिसिसवरची सही अडली तर तो काय करणार?

अहवालात ‘कामाच्या ताणातून झालेला गैरसमज’ आलं. मी भिन्नमत जोडलं: तिघांच्या रजिस्टरमधल्या नोंदी, तारखांसकट. जात लिहिली नाही. प्रवेशयादीत प्रवर्ग छापलेला असतो, ज्याला जुळवायचं त्याने जुळवावं. कुणी जुळवेल असं वाटत नाही. तिचं ऐकलं ते बरोबरच होतं का, तेही अजून ठरत नाही.

युनिट बदललं ते तिचं. सिनियर आहे तिथेच आहे. नव्या युनिटच्या नोंदी मी मागितल्या, तर प्रकरण बंद झाल्याचं पत्र डीन ऑफिसातून आलं.