बोडीच्या पाळीवरचा ऐन

नागझिऱ्याच्या बाजूला एका शेतकऱ्याने आपली पडीक जमीन वन्यजीवांसाठी राखण्याचा करार केला आहे आणि त्यातील अटी पाळल्या जातात की नाही, हे वर्षातून एकदा पाहण्याचे काम माझ्याकडे आहे. मागच्या वर्षी ज्या दगडावर उभे राहून फोटो काढला, त्याच दगडावरून, त्याच दिशेने तो पुन्हा काढायचा. सगळी तुलना त्यावरच उभी असते.

यंदा बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाळीवरचे ऐनाचे एक झाड तोडलेले दिसले, बुंध्यावरचा घाव अजून ओला होता. मी विचारण्याआधीच मालक म्हणाले, "भाऊ, माह्या भाच्यानं तोडला." मी ते तारखेसह नोंदवले, अशी कबुली कुंपणापेक्षा भरवशाची, असे माझे मत आहे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने सामुदायिक राखीव क्षेत्राची तरतूद आली. मालकाची तयारी असल्यास खासगी जमीनही त्यात येते, मात्र नंतर तिचा वापर बदलण्यास व्यवस्थापन समितीचा ठराव आणि राज्य सरकारची मंजुरी लागते. आमचा करार त्याहून साधा, दोघांच्या सहीचा. तुटलेल्या ऐनाला फुटवे येतात का, हे पाहण्यासाठी पावसाळ्यानंतर मी पुन्हा जाणार आहे.